भोंग्यावर चढलेला शब्द

ढाणकीच्या बाजारात जमीरभाईंचं घर कुठं असं कुणालाही विचारा, तो आधी जमीरभाईंचा आवाज काढून दाखवील आणि मग घर. एके काळी इथं गणपतीत नाटक बसायचं. त्या नाटकांत पाटील, फौजदार, म्हातारा भिक्षुक आणि नड पडलीच तर नायिकेची मामी, अशा सगळ्या भूमिका या एका माणसानं केल्या. मामीच्या वेळी पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर तोंडाला लावून हसून घेतलं होतं, आणि शेवटी त्याच पदरानं डोळेही पुसले होते. पुढं नाटकं बंद पडली. पडदे उंदरांनी खाल्ले, नट पोरांच्या संसारात अडकले. आवाज तेवढा उरला. तो ठेवायचा कुठं? जमीरभाईंनी तो ऑटोवर ठेवला. टपावर दोन भोंगे बांधले, सीटखाली बॅटरी ठेवली आणि पुढं स्वतः बसले. कोणाचं दुकान उघडलं, कोणाची मयत कधी निघणार, नळाला पाणी का आलं नाही, हे सगळं ढाणकीनं वर्षानुवर्षं त्यांच्याच तोंडून ऐकलं.

त्यांचा एक नेम होता. अर्थ पोटात उतरल्याशिवाय शब्द तोंडातून काढायचा नाही. हरवलेल्या म्हशीची दवंडी द्यायची असली, तरी आधी ती कोणत्या पायानं लंगडते ते मालकाला विचारून घेत. मग भोंग्यावर म्हणत, "डाव्या मागच्या पायानं जराशी लंगडते, बिचारी." त्या 'बिचारी'वर लोक गोठ्यांतून बाहेर येऊन म्हैस शोधायला लागत.

तर अशा माणसाकडं त्यांची सून फरहा एक दिवस मानसिक आरोग्याच्या शिबिराची जाहिरात घेऊन आली. फरहा आरोग्य केंद्रात नर्स. यवतमाळहून डॉक्टर येणार होते, बाजाराच्या शेडमध्ये तपासणी होती. डॉक्टरांनी लिहून पाठवलेल्या मजकुरात निम्मे शब्द इंग्रजी होते.

घरात बोली दखनी, पण जाहिरात मराठीत व्हायची म्हणून धडाही मराठीत सुरू झाला. जमीरभाई खाटेवर मांडी घालून बसले. समोर फरहा तूर निवडत बसली.

"अँग्झायटी," फरहा म्हणाली.

"अँग्झायटी," जमीरभाई म्हणाले. पण असे म्हणाले, जणू एखाद्या राजकन्येला हाक मारताहेत.

"अब्बा, बिमारीचं नाव हाये ते. एवढ्या मोहब्बतीनं नका घेऊ."

"मंग कसं घेऊ? पहिले अर्थ सांग."

"घोर. उद्या काय होईन, परवा काय होईन. कारण असो का नसो, पोटात गोळा राह्यतेच."

"हे तर सोयाबीन पेरल्यावर समद्यायलेच होते."

"समद्यायले होते अन् निघून जाते. याच्यात जातच नाई, अब्बा. माणूस हसते, जेवते, पण आत ते चालूच राह्यते."

जमीरभाईंनी मान डोलावली, डोळे मिटले, आणि पुन्हा म्हणाले, "अँग्झायटी." या वेळी आवाज खाली होता, थकलेला. फरहाच्या हातातली तूर थांबली.

मग 'फोबिया' आला. एखाद्या गोष्टीची अशी धास्ती की माणूस रस्ता बदलतो.

"तुह्या सासूले पालीचा फोबिया हाये," जमीरभाई म्हणाले.

आतून अमिनाबींचा आवाज आला, "मेरेकू पाल का नई, तुमारे गाने का है."

मग 'ओसीडी'. एकच विचार डोक्यात घुसतो, आणि तो जावा म्हणून माणूस एकच काम घडीघडी करतो. मग 'काउन्सेलिंग'. मग 'कॉन्फिडेन्शियल', म्हणजे पेशंटनं सांगितलेलं डॉक्टरपाशीच राहतं, बाहेर जात नाही. हा शब्द जमीरभाईंना फार आवडला. किती लांब, आणि शेवटी कसा हळूच खाली बसतो. तो त्यांनी अमिनाबींनाही म्हणून दाखवला.

आणि मग फरहा म्हणाली, "पॅनिक अटॅक."

"हे काय?"

"बसल्या बसल्या छाती धडधडते. घाम फुटते. हातपाय थंडे पडतात. वाटते, आता मेलो. अन् दवाखान्यात तपासलं तर दिल एकदम चांगला निघते. लोकायले वाटते, नाटक करून राह्यला."

हा अर्थ त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. हा अर्थ बाजारात, बस स्टँडच्या समोर, भांड्यांच्या दुकानात बसत होता.

वामनराव हे जमीरभाईंचे शाळेपासूनचे दोस्त. लग्नाच्या आंदणाची भांडी विकायची आणि त्यांवर नवरीचं नाव कोरून द्यायचं, हा त्यांचा धंदा. कोरायचं यंत्र टर्रर्र वाजायचं आणि त्यांच्या हाताखाली अक्षर असं उमटायचं की दुकानात आलेली नवरी स्वतःचं नाव पहिल्यांदाच वाचल्यासारखी बघत राहायची. नाटकाच्या दिवसांत वामनराव प्रॉम्प्टर. विंगेत उभं राहून शब्द पुरवायचा, पण उजेडात यायचं नाही. जमीरभाई भर नाटकात वाक्य विसरले की विंगेतून असा बारीक आवाज यायचा की पहिल्या रांगेलाही कळू नये. टाळ्या जमीरभाईंना पडायच्या.

वामनरावांची लेक वैष्णवी कळंबला दिली होती. तिला मुलगा झाला, तो आता रांगायला लागला होता, तरी आजोबांनी त्याला पाहिलं नव्हतं. बायको विमलताई एकट्या जाऊन आल्या. वामनराव मात्र दर वेळी पिशवी घेऊन स्टँडवर जात, कळंबची गाडी उमरखेडहून धरायची म्हणून उमरखेडच्या बसचं तिकीट काढत, आणि बस हलायच्या आत उतरून परत येत. कधी दुकानाची किल्ली विसरल्याचं सांगत, कधी पोट बिघडल्याचं. गाव म्हणे कंजूष आहे. विमलताईंना वाटे, जावयाच्या घरच्यांवर काही राग धरला आहे.

खरं काय ते वामनरावांनी एकट्या जमीरभाईंना सांगितलं होतं. दुकानाच्या मागं, पितळी हंड्यांच्या आडोशाला.

"पायरीवर पाय ठेवला का छातीत ढोल वाजाले लागते, जमीर. वाटते, आता इथंच पडलो. लोकं पाहून राह्यलेत असं वाटते. मंग मी उतरतो." आणि पुढं म्हणाले, "कोणाले सांगू नको. विमललेबी नाई सांगतलं मी."

जमीरभाईंनी तेव्हा गळ्याला हात लावून शपथ घेतली होती.

शपथ त्यांनी मोडली, असं त्यांना स्वतःला कधी वाटलंच नाही. तेच तर वाईट. जाहिरात रेकॉर्ड करायला बसले तेव्हा डॉक्टरांचं 'पॅनिक अटॅक' हे कोरं नाव त्यांच्या तोंडात बसेना. शब्दाला माणूस पाहिजे होता. त्यांनी डोळे मिटले आणि माणूस आपोआप आला. मोबाइलसमोर त्यांनी आवाज लावला:

"भाऊहो, मायबहिणींनो. बस लागली हाये. तिकीट हातात हाये. अन् पायरीवर पाय ठेवला का छातीत ढोल वाजते, घाम फुटते, अन् माणूस पिशवी घेऊन मागच्या मागं घरी येते. लेकीच्या दारी जायचं राहून जाते. नातवाचं तोंड पाहायचं राहून जाते. हा भेकडपणा नाई. याले म्हणतात, पॅनिक अटॅक. याच्यावर इलाज हाये. या. तपासणी फुकट हाये, अन् समदं कॉन्फिडेन्शियल हाये."

स्वतःचंच रेकॉर्डिंग ऐकताना त्यांचे डोळे भरून आले. नाव तर कुणाचं घेतलं नव्हतं. नाव घेतलं नाही म्हणजे ती गोष्ट कुणाचीच नाही, असा त्यांचा समज. नाटकात असंच चालायचं. कुणाची चाल उचलायची, कुणाचा खोकला, आणि त्या चालीचा मालकच पुढच्या रांगेत बसून पोट धरून हसायचा.

बाजाराचा दिवस होता. पेन ड्राइव्हवरची जाहिरात पुन्हा पुन्हा वाजत राहिली. ऑटो कापडलाइनीतून निघाला, मिरचीच्या ढिगांपासून गेला. बायका हातातली भाजी हातातच ठेवून ऐकत होत्या. जमीरभाईंना वाटलं, किती वर्षांनी पब्लिक अशी धरली आपण. भांड्यांच्या दुकानापुढं आले तेव्हा त्यांनी हौसेनं हात वर केला. आत वामनराव एका परातीवर वाकले होते. भोंग्यातून "नातवाचं तोंड पाहायचं राहून जाते" असं आलं, आणि कोरायचं यंत्र बंद झालं. वामनरावांनी वर पाहिलं नाही. जमीरभाईंना वाटलं, दोस्त ऐकतोय.

दुसरा फेरा स्टँडवरून होता. तिथं उमरखेडच्या बसचा कंडक्टर दारात उभा राहून पानवाल्याला म्हणत होता, "मी म्हणो, हे वामनशेठ तिकीट काढून उतरतात काहून. आता समजलं. पॅनिक हाये त्यायले."

"तिकिटाचे पैसे वापस नको देत जाऊ, इलाजाले कामी येतीन," पानवाला म्हणाला, आणि बाकावरचे लोक हसले.

जमीरभाईंनी ऑटो तिथंच थांबवला. पेन ड्राइव्ह उपसून काढला. जाहिरात 'कॉन्फिडेन्शि' इथं तुटली. पण तोवर ती सगळ्या बाजारातून फिरून आली होती, आणि कुणीतरी मोबाइलवर घेऊन गावाच्या ग्रुपवरही टाकली होती. खाली कुणी कुणी वामनरावांच्या दुकानाचा फोटो लावला होता.

घरी फरहानं ती ऐकली आणि फोन उलटा करून ठेवला.

"हे मी दिलं होतं काय तुमाले, अब्बा?"

"मी नाव नाई घेतलं कोणाचं."

"नाव उरलंच काय घ्यायचं? बस झाली, पिशवी झाली, नातू झाला." ती पुढं काही बोलणार होती, पण सासऱ्यांचा चेहरा पाहून थांबली. मग हळूच म्हणाली, "असल्याच माणसायले शिबिरात आणाव म्हून तर मी हे समदं करून राह्यली होती. आता हा माणूस घराबाहेर तरी निघंन काय?"

जमीरभाईंच्या जिवाला लागून राहिलं ते हेच. गावात डॉक्टर येतोय, तोही याच दुखण्याचा, आणि ज्याला त्याची सगळ्यांत जास्त गरज होती त्याच्या दाराला आपण बाहेरून कडी घातली.

दुसऱ्या दिवशी वामनरावांचं दुकान उघडलं नाही. जमीरभाई त्यांच्या घरी गेले. दार विमलताईंनी उघडलं, पण 'या' म्हणाल्या नाहीत.

"वहिनी, वामन हाये काय?"

"हायेत."

"माह्याकडून चुकलं, वहिनी."

विमलताई उंबऱ्यात उभ्या राहिल्या. "एवढे दिवस मी या माणसाले बोलत राह्यली, जमीरभाऊ. लेकीवर माया नाई म्हून. जावयाच्या मायले खोटं सांगतलं मी यांच्यासाठी. अन् मले खरं काय ते कळलं भोंग्यावर. भाजीवालीच्या समोर. ते तुमाले मालूम होतं, मले नाई."

मग जमीरभाईंनी, ज्याला जे येतं तो तेच करतो तसं केलं. ते घराच्या आतल्या अंगाला तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "वामन, मी उद्याच भोंगा घेऊन निंघतो. समद्या बाजारात माफी मांगतो. सांगतो का जमीर हरामखोर हाये, वामनरावाचा याच्यात काही संबंध नाई. स्टँडवर उभा राहून सांगतो."

आतून वामनरावांचा तोच विंगेतला बारीक आवाज आला.

"म्हणजे ज्यायनं नाई ऐकलं त्यायलेबी समजन."

जमीरभाईंचे हात खाली आले. हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. इतकी वर्षं कुठलीही गोष्ट नीट करायची म्हणजे ती मोठ्यानं सांगायची, एवढंच त्यांना माहीत होतं.

"मंग मी काय करू?"

"चूप राह्य," वामनराव आतून म्हणाले. "तुह्याच्यानं होईन त पाह्य."

शिबिराला गर्दी झाली. फुलसावंगीहूनही बायका आल्या होत्या. त्यांतली एक उतारवयाची बाई जमीरभाईंना शोधत आली. हात धरून म्हणाली, "भोंग्यावर तुमीच बोलले ना? माह्या पोराले हेच होते बाप्पा, डिट्टो. आमी तर बाहेरची बाधा समजून राह्यलो होतो. तुमच्यानं कळलं." दुसऱ्या कुठल्याही दिवशी जमीरभाईंनी ही बाई, हे वाक्य, तिचा तो 'डिट्टो', सगळं घरी जाऊन करून दाखवलं असतं. त्या दिवशी त्यांनी हात सोडवून घेतला आणि शेडच्या मागं जाऊन उभे राहिले. फरहा मधून मधून वर पाहायची, सासऱ्यांकडं नाही, रस्त्याकडं. वामनराव आले नाहीत.

मग काही दिवस गेले. जमीरभाईंनी भोंगे काढून ठेवले. लोक जाहिराती घेऊन आले, तर गळा बसला आहे म्हणाले. अमिनाबी रोज ज्येष्ठमधाचा काढा देत, आणि गळा चांगला आहे हे त्यांनाही माहीत होतं. स्टँडवरून जाणं त्यांनी सोडलं. बोलता बोलता एखाद्याचं नाव तोंडात यायचं आणि ते वाक्य तिथंच सोडून देत. पान खाताना, हजामतीला बसले असताना, पोटात एक गोळा असायचा आणि तो जायचा नाही. फरहानं हे पाहिलं. पण तिनं त्याला कुठला शब्द लावला नाही.

एका सकाळी विमलताईच दारात आल्या. फरहानं त्यांना सांगून ठेवलं होतं की शिबिराचे डॉक्टर उमरखेडच्या दवाखान्यातही ठरलेल्या वारी बसतात.

"बसमध्ये ते बसत नाईत. जीपमध्ये धा माणसं राह्यतात," विमलताई म्हणाल्या. "तुमच्या गाडीत येतो म्हणतात. पण तुमी रस्त्यानं एक शब्द बोलाचा नाई."

"नाई बोलत."

"मी संगं येत नाई. एकट्यालेच जाऊ द्या म्हणतात."

वामनराव मागच्या सीटवर मधोमध बसले. जमीरभाईंनी आरसा वर फिरवून ठेवला, म्हणजे त्यात फक्त टप दिसेल. ऑटो गावाबाहेर पडला. दोन्हीकडं तूर उभी होती, मध्येच कापसाची बोंडं फुटलेली. नाल्याच्या पुलाजवळ मागून जमीरभाईंच्या खांद्यावर हात पडला. हात थंड होता. जमीरभाईंनी ऑटो कडेला घेतला.

मागं श्वास जोरजोरात चालला होता. जमीरभाईंना आता या सगळ्याची नावं येत होती. फरहानं सांगितलेलं सगळं पाठ होतं, की हे थोड्या वेळात उतरतं, यानं माणूस मरत नाही, श्वास हळू सोडायचा असतो. सगळं जिभेवर होतं. बोलायचं नाही, हे कबूल केलेलं. ते ऑटोतून उतरले आणि चार पावलं पुढं जाऊन पाठ फिरवून उभे राहिले. वामनला लोक पाहतात असं वाटतं ना, मग निदान आपण तरी पाहायचं नाही. एक ट्रॅक्टर आला तेव्हा त्यांनी ट्रॅक्टर आणि ऑटो यांच्या मध्ये उभं राहून खांद्यावरचा रुमाल झटकल्यासारखं केलं. ट्रॅक्टरवाला त्यांच्याकडंच पाहत गेला.

कितीतरी वेळानं मागून आवाज आला. "चाल."

कुठल्या बाजूला, हे विचारायचीही सोय नव्हती. जमीरभाई हँडल धरून थांबले. वामनरावांनी त्यांच्या खांद्यावरून हात पुढं काढला आणि उमरखेडकडं दाखवला.

दवाखान्यात वामनरावांचा नंबर आला. दार नीट लागत नव्हतं. आत डॉक्टरांनी काही विचारलं आणि वामनराव हळूहळू सांगायला लागले. व्हरांड्यातल्या बाकावरून जमीरभाईंना पहिले दोन-तीन शब्द ऐकू आले. ते उठले. बाकापासून जिन्यापर्यंत गेले, तरी आवाज येतच होता. पडद्याआडून येणारा तो आवाज ऐकायची त्यांच्या कानांना जन्माची सवय. जिना उतरून, फाटक ओलांडून, चहाच्या टपरीपर्यंत गेले तेव्हा कुठं तो बंद झाला.

टपरीवर ढाणकीचे नागोराव चहा पीत होते. बियाण्याच्या दुकानात काम करणारे, बाजारात सगळ्यांची थट्टा करणारे.

"काय जमीरभाई, इकडे कुठं? कोणाले आणलं?" नागोरावांनी दवाखान्याच्या फाटकाकडं मान वळवली. पाटीवर डॉक्टरांच्या नावाखाली कसले डॉक्टर तेही लिहिलं होतं. नागोराव हसले. "भांडेवाले वामनशेठ हायेत काय अंदर? पॅनिकवाले?"

"नाई. मीच आलो."

"तुमी? कायले?"

"तेच. पॅनिक." जमीरभाईंनी चहाचा ग्लास घेतला. "ते भोंग्यावर सांगतलं ना, ते माह्यंच होतं. लोकायनं उगाच वामनचं नाव घेतलं."

नागोराव पाहत राहिले. हा माणूस आयुष्यभर स्टेजवर खोटं बोलला होता, तेव्हा त्याच्या खोट्याला ते हसले होते, रडले होते. आता त्यांना शंका आली नाही.

"म्हणजे बसमध्ये छाती धडधडते ते..."

"हो."

"खरं म्हणता? कसं होते हो, जमीरभाई? म्हणजे, आतून कसं वाटते?"

जमीरभाईंनी तोंड उघडलं. ढोल, घाम, पायरी, पिशवी, सगळं तयार होतं, एकेक करून पुढं आलं. त्यांनी एकेक मागं घातलं. ते वामनचं होतं. ते आता कुणालाही, खोट्यातसुद्धा, द्यायचं नव्हतं. मग स्वतःजवळ काय आहे ते शोधायला त्यांना वेळ लागला. चहावर साय धरली.

"तोंड उघडलं का भेव लागते," ते म्हणाले. आवाज लावलेला नव्हता, म्हणून नागोरावांना वाकून ऐकावं लागलं. "वाटते, आता माह्या तोंडातून कोणाचं तरी घर बाहेर पडन. अन् मंग ते वापस अंदर ठेवता येत नाई."

नागोरावांना यातलं कितपत समजलं, कोण जाणे. पण त्यांनी थट्टा केली नाही. टपरीवाल्याला खूण करून जमीरभाईंचा ग्लास बदलून घेतला आणि म्हणाले, "हा गरम हाये. घ्या."

फाटकातून वामनराव बाहेर आले. हातात गोळ्यांची पुडी होती. नागोरावांना पाहून ते जागीच थबकले. जमीरभाई उठले. नागोरावांना पुडी दिसू नये अशा बेतानं दोघांच्या मधून चालत ऑटोपर्यंत गेले आणि गाडी सुरू केली. वामनरावांनी काही विचारलं नाही, त्यांनीही काही सांगितलं नाही.